मदत हवी आहे: फ्रेंचमधला शनिवार दोन तुकड्यांत, शुक्रवार मात्र तीन?

मंडळी, चाळिशीत फ्रेंच शिकायला घेतलंय. शब्द कसे तोडायचे ते बरंचसं पचलं. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: शो-को-ला. दोन असली की सहसा मधून फोडायचं: मेर-सी. दुसरं र किंवा ल असेल तर बहुतेकदा जोडी शाबूत: ता-ब्लो.

गाडी अडली वारांपाशी. शनिवार मी नियमाने 'सा-म-दी' वाचला, तर बाई हसल्या. "चूक नाही, पण पॅरिसमध्ये असं कुणी म्हणत नाही. साम-दी म्हणा." ठीक. मग त्याच धर्तीवर शुक्रवार 'वाँद्र्-दी' म्हटला, तर तो चूक! तिथे म्हणे 'वाँ-द्र-दी'च. स्पेलिंगमधला ई (samedi, vendredi मधलं e हे अक्षर) दोन्हीकडे तोच, मग असं का?

शिवाय 'ले' (les, अनेकवचनातलं 'द') आणि 'आमी' (मित्र) मिळून 'ले-जा-मी' होतं (एरवी मुका असलेला s इथे ज होऊन पुढे जातो, 'जगा'तला ज), पण 'ले एरो' (वीर) तसंच राहतं. डोकं फिरायची वेळ आलीय.

प्रतिसाद १:
हे तुम्ही रोज मराठीत करताच. 'सडकेवर' म्हणून बघा: सड-के-वर, ड मधला अ गिळला. आता 'पुस्तकावर': पुस्-त-का-वर. इथे त चा अ गिळता येत नाही, कारण स्, त्, क् अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतील. सामदीत म् आणि द् दोनच उरतात, निभतं. शुक्रवारात द्, र्, द् होतील, म्हणून तो ई जिवंत. बुधवारही तसाच, मेर-क्र-दी. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय-तुलूझकडची माणसं मात्र सा-म-दी खुशाल म्हणतात. आणि बारा अक्षरांच्या जुन्या फ्रेंच वृत्तात व्यंजनाआधीचा असा ई मोजावाच लागतो.

प्रतिसाद २:
एरोच्या सुरुवातीला एच आहे. उच्चार शून्य, पण भिंतीसारखा उभा, ज ला पलीकडे जाऊ देत नाही. गेला तर 'ले जेरो' होईल, म्हणजे 'शून्यं'! गंमत म्हणजे नायिकांना ही भिंत नाही: ले-जे-रो-ईन. असे शब्द पाठच करायचे, दुसरा उपाय नाही.

धागाकर्ती:
सडकेवर-पुस्तकावर चारदा मोठ्याने म्हटलं, घरचे बघायला आले. मग खिडकीचं (fenêtre) असं का? आधी 'ला' (la, 'द') लागलं की 'ला-फ्नेत्र', पण 'यून' (une, 'एक') लागलं की 'यून-फ-नेत्र'?

प्रतिसाद १:
बरोबर. न्, फ्, न्. मोजा.