मदत हवी आहे: आईच्या सुती साड्यांचे कुर्ते आणि कोकणातला पाऊस

नमस्कार. मी देवगडची, रत्नागिरीत टीवायला आहे. एफवायला ताईच्या जीन्स नि कुर्त्या घालून आले. एसवायला सगळ्यांसारखे ढगळ काळे टी-शर्ट, २४० जीएसएमचे, म्हणजे चांगल्या जाड कापडाचे. पावसात दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत आणि एसटीत कुबट वास माझाच यायचा! आता आईच्या जुन्या सुती साड्यांचे कुर्ते शिवून घालते. पहिल्यांदाच वाटतंय, हे कपडे माझे आहेत.

अडचण अशी, की जून ते सप्टेंबर सगळं खोलीतल्या दोरीवर वाळवावं लागतं. परवा निळ्या कुर्त्याच्या कॉलरला मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. बुरशीच ती. गळ्याला साडीचा जरीकाठ लावलाय, त्यामुळे ब्लीचची हिंमत होत नाही. आजी म्हणते लिंबू-मीठ चोळून उन्हात टाक. ऊन आणू कुठून?

रंग न घालवता हे डाग कुणी काढलेत का? आणि विरलेल्या साडीला आतून मलमलचं अस्तर लावलं तर वाळायला अजून वेळ लागेल का? रेयॉन सुचवू नका, एक कुर्ता पहिल्याच धुण्यात चार बोटं आटलाय. सोमवारी शिंप्याकडे कापड द्यायचंय.