रविवारचं मटण: तुमच्याकडं टोमॅटो पडतो का?

परवा मटणाच्या दुकानापुढं रांगेत होतो. पुढच्या काकूंच्या पिशवीत कोथिंबिरीखाली चार लालभडक टोमॅटो. म्हटलं, "कोशिंबिरीला काय?" तर म्हणाल्या, "न्हाई रं, रश्श्याला." मागचे दोघं एकदम गप झाले. आमच्या कोल्हापुरात रंग कांदा-लसूण चटणीचा आणि दाटपणा खोबरं-तीळ-कांद्याच्या वाटणाचा. टोमॅटो दिसला की आजी "हाटेलागत केलंय" म्हणायची. पण आता बऱ्याच घरांत तो शिरलाय. तुमच्याकडं काय? कृती नको, घडलेलं सांगा.

शिवाजी पेठ
आमच्यात चालत न्हाई. पांढऱ्या रश्श्यात तर नावच काढू नका. विषय संपला.

कळंब्याची सून
माहेर लातूरकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी हौसेनं फोडणीतच तीन टोमॅटो टाकले. सहा शिट्ट्या झाल्या तरी मटण दातांना दाद देईना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी शेजारी उभं करून घेतलं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तेलात परतलं, पातेल्यावर ताट ठेवलं आणि ताटात पाणी. ते तापलं की तेच मटणात. गार पाणी ओतायचं नाही. शिजल्यावर पोरांसाठी अळणी, म्हणजे बिनचटणीचं पाणी, वाटीत काढलं आणि मग म्हणाल्या, "आता घाल तुझा टोमॅटो. एकच." आंबटानं मटण आखडतं म्हणे. खरंखोटं माहीत नाही, पण तेव्हापासून टोमॅटो शेवटी, तोही एकच.

शाहूपुरीतले पाहुणे सांभाळलेली
जुलै २०२१. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडलेली, शिरोलीजवळ हायवे बंद. घरात पुराचे पाहुणे धरून अकरा माणसं आणि मटण एक किलो. आखाड चाललेला, म्हणजे मटणाशिवाय भागणार नव्हतं. खोबरं अर्धी वाटी, टोमॅटो बाजारात नाही. शेवटी पोरांच्या सॉसची बाटली अर्धी रिकामी केली आणि दोन डाव चटणी जादा घातली. गोडसर रस्सा झाला. कुणी नावं ठेवली नाहीत. पाणी उतरल्यावर मात्र जाऊबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

राजारामपुरी
भाचा इटलीत बोलोन्याला शिकतो. सुट्टीत आला आणि बोकडाच्या खिम्याचा 'रागू', म्हणजे तिकडचा दाट खिमा-रस्सा, केला. तिकडं बीफ आणि डुकराचं मांस घालतात. सेलरी मिळाली नाही, कांदा-गाजरावर भागवलं. वर दूधसुद्धा घातलं! दोन-अडीच तास मंद आचेवर. आबा तीनदा येऊन विचारून गेले, "सिलिंडर संपवतोस काय रं?" मला वाटलेलं नुसता टोमॅटोच असेल, तर तो मोजकाच. आणि तिथं म्हणे हे स्पॅगेटीवर नाही, ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांवर वाढतात. १९८२ साली पाककृती चक्क बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलीय. हे ऐकून आबा म्हणाले, "मग आपली पण नोंदवा की." त्यांनी ताटात चमचाभर चटणी कालवून भाकरीशी खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

एमआयडीसीतला मुलगा
आई गेली तेव्हा मी आठवीत. बाबा फाउंड्रीत, बहुतेक रात्रपाळी. त्यांना एकच जमायचं, टोमॅटो-खिमा. टोमॅटो चिरायचे नाहीत, किसणीवर घासायचे. साल हातात उरायची, तेवढी टाकायची. कढईत तेल सुटेपर्यंत परतायचे आणि मग खिमा. बोटांना किसणी लागलेली असायची, तशीच मिठात हात घालायचे आणि तोंडातल्या तोंडात शिवी हासडायचे. डब्यात पाव आणि तोच खिमा, आठवड्यातून दोनदा. आता बायको रस्सा फक्कड करते. तरी ताप आला की मी किसणी काढतो.

शिवाजी पेठ
आजारी माणसाला चालंल. बाकी ते दुधाच्या खिम्यावर आबांनी चटणी कुठली घातली तेवढं सांगा.