विषय: दिवाळी अंक – रेटकींवरील लेखातून नेमके काय गाळायचे?

प्रेषक: संपादक, दिवाळी अंक

सप्रेम नमस्कार.
अमेरिकन कवी थिओडोर रेटकींवरचा लेख मांडणीत अडीच पाने व्यापतो आहे, आणि गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर पाने वाढवायची नाहीत हे कार्यकारिणीत ठरलेलेच आहे. अर्धे पान कमी करावे लागेल. माझ्या मते आजारपणाचा परिच्छेद सहज गाळता येईल. अंक घरातली लहानथोर सगळीच मंडळी वाचतात. शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे, रविवारी फाइल छपाईला जाईल.

उत्तर: अविनाश

ताई, पाने वाढवू नयेत हे मान्य, परंतु नेमका तोच परिच्छेद काढला तर लेख लंगडा पडेल. १९३५ मध्ये मिशिगन स्टेट कॉलेजात रुजू झाल्यावर पहिल्याच सत्रात रेटकींना मानसिक आजाराचा मोठा झटका आला आणि तेथील नोकरी संपली. पुढे पेन स्टेट आणि बेनिंग्टन येथे शिकवत ते १९४७ मध्ये येथे सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात आले, तेव्हाही आजार संपलेला नव्हता. तरीही १९६३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते याच विद्यापीठात टिकले. १९५९ मध्ये वरिष्ठ प्रशासनाकडून त्यांच्या आजारपणाच्या रजेविषयी विचारणा झाली, तेव्हा इंग्रजी विभागाचे प्रमुख रॉबर्ट हाइलमन यांनी सविस्तर पत्र लिहून त्यांची पाठराखण केली. एखाद्या कवीचे प्राध्यापकपण कशावर उभे राहते, हे त्या पत्रातून जितके कळते तितके पुरस्कारांच्या यादीतून कळत नाही. गाळायचीच असेल तर ती यादी गाळावी: १९५४ चे पुलित्झर, १९५९ चे आणि मरणोत्तर १९६५ चे नॅशनल बुक अवॉर्ड एका ओळीत मावतात. मुलांचे म्हणाल, तर आपल्या मंडळात या आजाराविषयी जरा मोकळेपणाने बोलले गेले तर बरेच होईल.

उत्तर: शमाकाकू

अविनाश, यादी काढ, आजार ठेव, पण सॅगिनॉला, म्हणजे त्यांच्या मिशिगनमधल्या जन्मगावाच्या भागाला, हात लावू नकोस. आम्ही मिशिगनला राहत असताना ग्रॅशट अ‍ॅव्हेन्यूवरचे त्यांचे घर मुद्दाम जाऊन पाहिले होते. वडील ऑटो आणि काका यांचा पंचवीस एकरांवर काचगृहांचा व्यवसाय होता. १९२३ मध्ये दोघेही गेले आणि मुलगा चौदाव्या वर्षी पितृछत्राला मुकला. १९४८ च्या ‘द लॉस्ट सन’मधील काचगृहाच्या कविता त्या मातीतून आल्या आहेत. काचगृहाच्या छपरावर चढलेला मुलगा, त्याच्या पायांखाली कडकडणारे काचेचे आणि काचा बसवायच्या वाळलेल्या लांबीचे तुकडे, आणि खालून आरोप केल्यासारखी टक लावून पाहणारी अर्धवट वाढलेली शेवंती: त्यांतल्या एका कवितेच्या सात ओळींत एवढे सगळे आहे. ज्यांनी लहानपणी परसात शेवंती लावली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तर: वाचनकट्टा समन्वयक

शेवंतीविषयी काकूंशी सहमत. तथापि लेखाच्या शेवटी बेनब्रिज बेटावरच्या सहलीची जी चौकट टाकली आहे, तिच्याविषयी वाचनकट्ट्याला कोणी विचारले नाही, हे नोंदवणे भाग आहे. सहल आमची आहे. तेथील ब्लोडेल उद्यानाची वेळ आणि फेरीबोटीचे वेळापत्रक जुळल्याखेरीज तारीख छापली, तर दूरध्वनी आम्हालाच येतात. शिवाय चौकटीत ‘कवी ज्या तलावात पोहताना गेले तो तलाव पाहू’ असे लिहिले आहे, ते दुरुस्त करावे.

उत्तर: नानाकाका

समन्वयकांचे तलावापुरते म्हणणे बरोबर आहे. १ ऑगस्ट १९६३ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, आता उद्यान असलेल्या त्या जागेतील स्नेह्यांच्या पोहण्याच्या तलावात रेटकींना हृदयविकाराचा झटका आला. पुढे तलाव बुजवून तेथे जपानी पद्धतीचे दगडांचे उद्यान केले गेले, त्यामुळे पाहायला तलावच उरलेला नाही. मला खटकते ते निराळेच: विद्यार्थ्यांविषयी लेखात अवघी दीड ओळ आहे. जेम्स राइट आणि कॅरोलिन कायझर या दोघांनाही पुढे पुलित्झर मिळाले, रिचर्ड ह्यूगो हेही त्यांचेच विद्यार्थी. हाइलमन यांच्या पत्रामागचा पुरावा म्हणजे हे विद्यार्थी! मी चाळीस वर्षे शिकवले आहे. एका शिक्षकाच्या हाताखालून असे तिघे निघणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यांची नावे आजाराच्या परिच्छेदालगतच घ्यावीत.

उत्तर: संपादक

पुरस्कारांची यादी एका ओळीवर आणली आणि सहलीची चौकट काढली; तिची माहिती वाचनकट्टा आपल्या ईमेलने कळवील, म्हणजे कोणाचीच हरकत राहणार नाही. आजाराचा परिच्छेद जसाच्या तसा राहील. त्याला लागून तिघा विद्यार्थ्यांची नावे घातली आहेत, काकूंची शेवंतीही शाबूत आहे, आणि लेख दोन पानांत बसला आहे. अविनाश, छायाचित्राच्या परवानगीचे पत्र मात्र उद्या सकाळपर्यंत पाठवा. ते हाती आल्याशिवाय हे पान बंद करता येणार नाही.