टीसीपी हेडरमध्ये लांबीच नाही, मग वायरशार्क 'लेन' (डेटाची लांबी) कुठून काढतो?

ऐरोलीकर: डिप्लोमाला आहे. प्रॅक्टिकलला वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला होता. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती, हेडर म्हणजे डेटाच्या आधी लागणारी माहिती. यूडीपीच्या हेडरमध्ये लांबीचा १६ बिटांचा रकाना सरळ दिसतो. टीसीपीत पोर्ट, सिक्वेन्स, विंडो, चेकसम सगळं आहे, लांबी तेवढी नाही. मॅडम म्हणाल्या एमएसएस, म्हणजे टीसीपीच्या एका तुकड्यातला (सेगमेंटमधला) जास्तीत जास्त डेटा, १४६० बाइट असतो. पण शेवटचा सेगमेंट २१३ बाइटांचाच होता!

घोडबंदर_रोड: एमएसएस ही कमाल मर्यादा रे. सिन (जोडणी सुरू करणारं पॅकेट) पाठवताना दोन्ही बाजू आपापला आकडा सांगतात. दोन्ही आकडे सारखेच हवेत असंही नाही.

महापे_नाइटशिफ्ट: सरळ वजाबाकी आहे. आयपी हेडरमध्ये पॅकेटची एकूण लांबी असते. त्यातून आयपीचं हेडर वजा कर, मग टीसीपीचं. टीसीपीचं हेडर केवढं ते डेटा ऑफसेटमध्ये बघ, तिथला आकडा गुणिले ४. ५ असेल तर २० बाइट.

फ्रेमच्या लांबीवरून मात्र मोजू नकोस. इथरनेटच्या फ्रेममध्ये आत किमान ४६ बाइट लागतात, म्हणून बिनऑप्शनच्या (हेडरला जादा भाग नसलेल्या) ४० बाइटांच्या नुसत्या अ‍ॅकमागे (मिळाल्याची पोच) ६ बाइटांचं पॅडिंग, म्हणजे भरताड, चिकटतं. तो डेटा नव्हे. यूडीपीतही अशी वजाबाकी चालली असती; मला विचारशील तर तो रकाना जादाचाच.

आणि १४६० म्हणजे काही देवाने लिहून ठेवलेलं नाही. इथरनेटचे १५००, वजा २०, वजा २०. कोलशेतला एकाच्या घरी पीपीपीओईचं (लॉगिन करून जोडायचं ब्रॉडबँड) कनेक्शन होतं, तिथे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२. पिंग मस्त, पण काही साइट अर्ध्यावर लटकायच्या. 'पॅकेट मोठं आहे' सांगणारे आयसीएमपीचे (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारी पद्धत) निरोप वाटेत कुणीतरी अडवत होतं. राउटरवर एमएसएस १४५२ ला बांधला, विषय संपला.

ऐरोलीकर: ऑफसेट ८ निघाला! २६५ − २० − ३२ = २१३. जुळलं. पण भरलेले सेगमेंट १४४८ चे आहेत, आणि मधेच एक २८९६ चा?

महापे_नाइटशिफ्ट: टाइमस्टॅम्पचा ऑप्शन १२ बाइट खातो, म्हणून १४४८. २८९६ म्हणजे त्याची दुप्पट. तारेवरून तेवढं एकदम गेलेलं नाही. पाठवताना तुकडे नेटवर्क कार्ड पाडतं आणि वायरशार्क त्याआधीच बघतो. येताना उलट, जोडून झाल्यावर बघतो. ईथटूलने (कार्डाच्या सेटिंग बदलणारी कमांड) टीएसओ, जीएसओ, जीआरओ या तुकडे पाडायच्या-जोडायच्या सोयी बंद करून परत कॅप्चर घे. लॅबच्या मशीनवर रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) देतात का, ते आधी मॅडमना विचार.