जिम्नी: स्प्रिंग बदलल्या, आता शॉकअप कुठले घ्यावेत?

घाटवेडा:
नमस्कार मंडळी. घरचे आता गाडीत बसायला तयार नाहीत, म्हणून हा धागा.

मारुतीची जिम्नी, २०२३ ची, मॅन्युअल. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), टपावर कॅरिअर, डिकीत हत्यारांचा खण. नाक खाली बसलं होतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी ५० मिमी उंच स्प्रिंग टाकल्या, पुढे 'मीडियम' आणि मागे 'हेवी'. शॉकअप कंपनीचेच ठेवले. १९ हजार किमी झालेत, गळत नाहीत, मग कशाला बदला असा विचार केला.

आता स्पीडब्रेकरवरून उतरलो की नाक तीनदा डोलतं. एकटा असलो की मागची बाजू लाथ मारते. गेल्या रविवारी लोणावळ्याहून उधेवाडीला निघालो, तर चाक खड्ड्यावर लोंबकळलं की 'टक्', लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. लेकीला तुंगार्ली सोडल्यावर लगेच उलटी झाली आणि तिथूनच परत फिरलो.

बजेट ६० हजारांपर्यंत. बिलस्टीन, ओल्ड मॅन एमू, प्रोफेंडर, टफ डॉग ही नावं वाचून डोकं गरगरायला लागलंय. तेलाची वेगळी टाकीवाले शॉकअप घ्यावेत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाट:
टायरमध्ये हवा किती होती? कच्च्या रस्त्याला लागलात की १८-२० पीएसआयवर आणा, निम्मं दुखणं तिथेच जाईल. फुकटचा उपाय आहे.

घाटवेडा:
२० च होती. डोलणं तरीही आहेच.

कमानपाटा:
आमच्या जिप्सीला चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग). पाट्यावर पाटा घासतो, त्या घासण्यातच निम्मा शॉकअप आला. म्हणून आमच्याकडे शॉकअप मेला तरी गाडी डोलत नाही, फक्त मणके मोडतात. :)
गंमत सोडा, पण याच कारणाने पॅराबोलिक पाटे टाकणाऱ्यांची फसगत होते. पाटे कमी, घर्षण कमी, आणि शॉकअप जुनेच. गाडी पाळण्यासारखी झुलते. तुमचंही तसंच झालेलं दिसतंय. तुमच्या कॉइल स्प्रिंगला तर स्वतःचं घर्षण जवळजवळ नाहीच.

जुनापाना:
घाटवेडा, शॉकअपची नावं जरा बाजूला ठेवा. आधी वजनकाट्यावर जा. टाकी भरून, तुम्ही खाली उतरून, पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन, मागची घेऊन दुसरं, मग अख्खी गाडी. ते आकडे इथे टाका. बंपर आणि विंचचं वजन वेगळं लिहा, आणि विंचचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून किती पुढे आहे तेही टेपने मोजा.

घाटवेडा:
काटेवाला म्हणाला, "साहेब, माल कुठाय?" ५० रुपये घेतले.
पुढे ७४०, मागे ६३०, एकूण १३७०. बंपर आणि विंच मिळून ७३ किलो, अ‍ॅक्सलच्या साधारण ६० सेंमी पुढे. कॅरिअर २८ किलो.

जुनापाना:
आता बोलता येईल.

पहिली गोष्ट, अ‍ॅक्सलच्या पुढे टांगलेले ७३ किलो ७३ राहत नाहीत. सीसॉ आठवा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी. हिशोब केला तर पुढच्या अ‍ॅक्सलवर सुमारे ९० किलो येतात आणि मागच्यावरून १७ उचलले जातात. म्हणजे पुढे मीडियम स्प्रिंग बरोबर घेतलीत, पण जी मागची बाजू हलकी झाली तिलाच हेवी स्प्रिंग दिलीत. हेवी स्प्रिंग कायम दीडशे किलो वाहणाऱ्यासाठी असते, वर्षातून दोनदा फिरायला जाताना सामान लादणाऱ्यासाठी नाही. लाथ बसतेय ती तिथून. मागच्या बदला, याला शॉकअपमध्ये औषध नाही.

दुसरी, डोलणं. वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. दाबलेली स्प्रिंग साठवलेली ताकद परत देते, तेव्हा तिला आवरणं हे शॉकअपचं काम, आणि हा परतीचा रोध स्प्रिंगच्या मापाचा लागतो. हिशोब वर्गमुळाचा आहे. वजन तेच ठेवून स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर रोध २० टक्के वाढवावा लागतो. तुमचं वजनही वाढलंय, म्हणजे आणखी थोडा. कंपनीचे शॉकअप खराब नाहीत, ते दुसऱ्या गाडीसाठी बनलेत. तुमची ती गाडी आता राहिली नाही. उलटही खरं बरं का. उगाच 'कडक' शॉकअप मऊ स्प्रिंगवर टाकला, तर चाक खड्ड्यातून वेळेत खाली येत नाही आणि पुढच्या खड्ड्याला गाडी आधीच बसलेली असते.

तिसरी, ती 'टक्'. गाडी ५० मिमी वर गेली पण शॉकअपची पूर्ण लांबी तेवढीच. वरचे ५० मिमी तुम्ही खाली लोंबण्याच्या वाट्यातून घेतलेत. चाक लोंबकळलं की शॉकअप आतल्या आत टोकाला आपटतो. असाच चालवत राहिलात तर सील जाणार. नवीन शॉकअप ५० मिमी लिफ्टसाठीचेच घ्या, पण 'लांब ते चांगलं' या भानगडीत पडू नका. बंद लांबी जास्त असेल तर बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की टेकणारा रबरी ठोकळा) लागायच्या आधी शॉकअप तळाला बसतो आणि माउंट तुटतं. लोंबण्याची लांबी जास्त असेल तर स्प्रिंग बैठकीतून सुटते.
तपासायला सोपी युक्ती: बंप स्टॉपला ग्रीस फासा, शॉकअपच्या दांड्याला केबल टाय बांधा, एक फेरी मारून या. ग्रीस पुसलं गेलं पाहिजे, आणि टाय टोकापर्यंत ढकलला गेलेला नसावा.

टाकीवाले नकोत. उधेवाडीच्या वाटेला तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तिथे तेल तापत नाही. तेल तापून फेसाळतं ते लडाख-स्पितीच्या नालीदार रस्त्यावर तासन्‌तास ४०-५० ने हाणलं की. गॅस भरलेले साधे ट्विन ट्यूब (नळीत नळीवाले) पुरे. ब्रँड कुठलाही घ्या, पण स्प्रिंग आणि शॉकअप एकाच घरचे, एकमेकांसाठी बसवलेले घ्या. ओल्ड मॅन एमू, टफ डॉगसारखे लोक वजनाप्रमाणे स्प्रिंग देतात आणि त्या जोडीचा शॉकअपही सांगतात.

आणि हायवेला ८० वर स्टेअरिंग पोहतंय का?

घाटवेडा:
पोहतंय! मला वाटलं टायरमुळे. वळून आल्यावर सरळही होत नाही पटकन.

जुनापाना:
कॅस्टर (पुढच्या चाकांचा तो कल, ज्याने स्टेअरिंग आपोआप सरळ होतं) गेलाय. नुसतं अलाइनमेंट करून येणार नाही, पुढच्या आर्मला कॅस्टर करेक्शन बुश (कल दुरुस्त करणारे रबरी जोड) लागतील. पॅनहार्ड रॉडमुळे (चाकांना आडवं सरकू न देणारा दांडा) अ‍ॅक्सलही काही मिमी एका बाजूला सरकलं असेल, ते फार असलं तरच अ‍ॅडजस्टेबल रॉड. ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबवून बघा, ताणले जात असतील तर आधी ते.

एक कडू गोष्ट राहिली. जिम्नीची एकूण मर्यादा १५४५ किलो. तुमची रिकामी १३७०. उरले १७५. चार मोठी माणसं बसली की १६५० च्या घरात जाता. कडक स्प्रिंगने नाक वर येतं, पण ही मर्यादा वाढत नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सल तेच आहेत.

नियमवाला:
असल्या लोखंडी बंपरबद्दल, म्हणजे बुलबारबद्दल, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. बाकी फेरफारही विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. अपघातानंतर सांगून उपयोग नाही.

रानवाट:
जुनापाना _/\_ वाखूसा (वाचनखूण साठवली).

घाटवेडा:
पाच आठवड्यांनी येतोय, क्षमस्व.

कॅरिअर उतरवलं, हत्यारं निम्मी केली. काट्यावर १३३०. (काटेवाल्याने यावेळी पैसे घेतले नाहीत.) मागे त्याच कंपनीच्या हलक्या वजनाच्या स्प्रिंग, चारही शॉकअप त्यांच्याच जोडीचे, ५० मिमी वाले, ट्विन ट्यूब. कॅस्टर बुश बसवले. गॅरेजवाल्याने बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले होते. मी चाकं जमिनीवर टेकवून परत आवळायला लावले, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं असं इथेच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं. मजुरी धरून ५८ हजार.

बंपरवर उभं राहून दाबून सोडलं की एकदा वर, आणि थांबते. 'टक्' गेली. केबल टाय टोकापासून दोन बोटं अलीकडे थांबला. परवा उधेवाडीला पोचलो, लेक तुंगार्लीनंतर झोपली ती ढाकबहिरीचा डोंगर दिसेपर्यंत.

मागच्या हेवी स्प्रिंग घरी पडून आहेत, तीन हजार किमी वापरलेल्या. कुणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनापाना:
घेणाऱ्याने आधी काट्याची पावती दाखवावी.