वक्तृत्व मंडळ, घंटा आणि दोन शब्द: तुमचे अनुभव सांगा

सईची_आई: काल माळा आवरताना बाबांच्या मंडळाची पितळी घंटा सापडली, काळी पडलेली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी वीस-पंचवीस माणसं जमायची. पाच मिनिटं बोलायचं, चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन. स्फूर्ती पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेची. नवा सभासद आला की बाबा त्याला आधी हाच शब्द उच्चारायला लावत, तोच प्रवेश अर्ज! घंटेबरोबर हजेरीची वहीही मिळाली. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय त्यात नऊ वेळा आहे. मंडळ बंद कसं पडलं ते मात्र वहीत नाही. शेवटच्या पानावर फक्त चहाचा हिशोब. तुमच्याकडे होतं का असं काही?

नळस्टॉप: अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो... बास, पुढचं तेव्हाही विसरलो होतो.

कोकणकडा: 😂😂 मी थेट 'एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो' वर गेले होते. मधले शब्द झालेच नव्हते.

जुनी_पेठ: त्या सभेची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केलेली. २१ एप्रिल ते २० मे, टिळक स्मारक मंदिर. आजोबा रोज न्यायचे. निम्मं कळायचं नाही, पण व्याख्यानानंतर बाहेर उभं राहून वक्त्याची साल काढणारे काका ऐकायला मजा यायची. खरं व्याख्यान तेच.

कोकणकडा: @जुनी_पेठ उन्हाळ्याच्या सुट्टीत व्याख्यानं?? आम्ही आंबे खायचो हो.

जुनी_पेठ: आम्ही दोन्ही करायचो. पुणेकर आहोत.

गिरगाव_चाळ: मुंबईही मागे नव्हती बरं का. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्येच सभा काढून निबंध वाचायला सुरुवात केली होती, मराठी शाखाही होती. पुण्याच्या आधी २७ वर्षं. (चालू द्या भांडण)

उत्तेजनार्थ_विजेता: आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत परीक्षकांचा भाचा पहिला, मी उत्तेजनार्थ. सलग तीन वर्षं. घरी तीन स्टीलचे पेले आहेत, एकात आई अजून मेथीदाणे ठेवते.

सईची_आई: @उत्तेजनार्थ_विजेता म्हणजे तुम्हीच खरे वक्तृत्वोत्तेजक!

हिंजवडी_२: आमच्या कंपनीत टोस्टमास्टर्स आहे, भाषणाचा सराव करायचा क्लब. तिथे घंटा नाही, हिरवं-पिवळं-लाल कार्ड. आणि एक जण फक्त तुमचे 'अं' मोजतो. माझे पहिल्या भाषणात ३१. तो क्लब मूळचा कॅलिफोर्नियातल्या सांता आनाचा, १९२४, वायएमसीएच्या तळघरात.

तिखट_मीठ: बायकांना मात्र अधिकृतपणे १९७३ ला घेतलं. आमच्या गावच्या मंडळात तेव्हाही बायका होत्या, पोहे करायला. आत्या दाराआडून सगळी भाषणं ऐकायची आणि कोण कुठे अडखळला ते रात्री जेवताना नक्कल करून दाखवायची. तिला कुणी कधी बोल म्हटलं नाही. आता ऐंशीची आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माईक सोडत नाही.

नळस्टॉप: आत्यांना साष्टांग नमस्कार. त्यांच्यासाठी पण घंटा लागेल.

कोकणकडा: त्या पोह्यांत खोबरं असायचं का? की पुणेरी?

तिखट_मीठ: खोबरं, कोथिंबीर, वर लिंबू. प्रश्न काय विचारता.

गप्प_राहणारा: पहिल्यांदाच लिहितोय. मी तोतरा होतो. शाळेतल्या सरांनी रोज दोन पानं मोठ्याने वाचून घेतली, ओट्यावर बसून, वर्षभर. स्पर्धेत दोन घंटा वाजल्या तरी थांबलो नाही. सरांनी तिसरी वाजवलीच नाही. कुकर झाला, नंतर येतो.

सईची_आई: @गप्प_राहणारा 🙏 या हो परत, वाट बघतेय.

जुनी_पेठ: @सईची_आई घंटेला पितांबरी लावू नका, चिंच-मीठ चोळा.

सईची_आई: चिंच किती वेळ ठेवायची?

कोकणकडा: पोहे होईपर्यंत.