शंटिंगचं इंजिन म्हणजे मोडीत काढायच्या आधीची मेनलाइनवरची जुनी गाडी नव्हे

काहींना वाटतं की सायडिंगमधली, म्हणजे माल भरायच्या-उतरवायच्या बाजूच्या रुळांवरची, डिझेल इंजिनं म्हणजे म्हातारी डब्ल्यूडीएम-2, मेनलाइनवर गाड्या ओढणारी जुनी इंजिनं. तशीही वापरली गेली, पण डब्ल्यूडीएस-6 हे इंजिन मुळातच शंटिंगसाठी, म्हणजे वाघिणी इकडून तिकडं हलवण्याच्या कामासाठी, वाराणसीच्या कारखान्यात घडवलं गेलं. आतलं डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-2 सारखंच, अल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनचं, फक्त 16 ऐवजी एका ओळीत 6 सिलिंडर. ताकद जवळपास निम्मी, 1350 अश्वशक्तीच्या आसपास, पण वजन मात्र 126 टन, म्हणजे डब्ल्यूडीएम-2 पेक्षाही जास्त. आणि शंटिंगमध्ये खरा प्रश्न वजनाचाच असतो. भरलेला रेक (वाघिणींची अख्खी रांग) जागेवरून हलवताना चाकं घसरायला नकोत. वेगाशी तिथं घेणंदेणंच नाही.

आमचं वावर वणीकडं, कोळशाच्या सायडिंगला लागून. कापूस वेचताना मी हे कितीदा पाहिलं. आधी इंजिनाचा आवाज चढतो, मग पुढच्या वाघिणीपासून शेवटापर्यंत कपलिंगचा खणखणाट धावत जातो, आणि त्यानंतर कुठं शेवटची वाघीण हलते. धुऱ्यावर उभं राहिलं की तळपायाला जाणवतं. पॉइंट्समन (रूळ बदलणारे रेल्वे कर्मचारी) काका हिरवी झेंडी धरून सोबत पायीच चालायचे, इतका हळू वेग. एवढ्या हळू, धक्का न देता ओढणं, हेच या इंजिनाचं खरं काम.